तुरीचा फुलोरा दिवाळीतच येतो: संशोधन, संसार आणि देव यांविषयी एका मुलीला उत्तर

प्रश्न विचारणारी मुलगी दारव्हा तालुक्यातली आहे. कृषीची पदवी झाली, आता वनस्पती पैदासशास्त्रात एम.एस्सी. करते आहे आणि पीएच.डी. करून संशोधनातच राहायचं तिच्या मनात आहे. घर माळकरी. वडील पंढरीची वारी करतात, आई गजानन महाराजांचा गुरुवार धरते, ती स्वतः एकादशी करते. वर्गातले काही जण त्यावरून टोमणे मारतात. घरचे म्हणतात, बारा महिने वावरात राहणाऱ्या बाईचा संसार कोण सांभाळणार? त्यात स्थळंही येताहेत. ती विचारते, कृषी संशोधन, घर आणि देव हे तिन्ही एका माणसाला जमतं का, की कुठलं तरी एक सोडावंच लागतं?

तू माझ्या लेकीच्या वयाची दिसतेस, म्हणून तूच म्हणते. मी विदर्भातच कडधान्यांच्या, त्यातही मुख्यतः तुरीच्या पैदाशीचं काम केलं. आता निवृत्त आहे. नवरा जिल्हा परिषदेचा शिक्षक, घरात सासू-सासरे, दोन मुलं आणि चांगलं भरलेलं देवघर. त्यामुळे तू म्हणतेस त्या तिन्ही गोष्टी जवळून पाहिल्या आहेत. पण माझं घर म्हणजे तुझं घर नव्हे, एवढं धरून वाच.

तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. देव मानणारा माणूस शास्त्रज्ञ होऊ शकतो का, हा एक. हंगामात घराला आणि देवाला वेळ देता येतो का, हा दुसरा. बाहेरची मंडळी पहिल्यावर वाद घालतात, कारण त्या वादासाठी चिखलात उतरावं लागत नाही. माझ्या पाहण्यात पहिला प्रश्न फार थोड्या ठिकाणी अडतो आणि तिथे काय करायचं ते ठरवता येतं. दुसरा मात्र दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात, दारात उभा राहतो. म्हणून आधी तोच घेते.

तुरीचंच सांगते, कारण तेच मला नीट ठाऊक आहे. पेरणी जूनच्या शेवटी. दिवस लहान व्हायला लागले की तूर फुलावर येते. आपल्याकडच्या मध्यम कालावधीच्या वाणांना ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलोरा असतो. संकर करायचा तर फूल उमलण्याची वाट पाहून चालत नाही. तुरीच्या कळीत दहा पुंकेसर असतात, नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा, आणि ते कळी उमलायच्या आदल्या दिवशीच फुटतात. उमललेलं फूल म्हणजे आतल्या आत परागीभवन होऊन गेलेलं फूल. म्हणून लवकरच उमलणार अशी कळी हेरायची, बारीक चिमट्याने पाकळ्या बाजूला करायच्या, दहाही पुंकेसर काढायचे आणि हे करताना स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. मग दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा, दोरा बांधायचा, चिठ्ठी अडकवायची. एवढं करून त्यातल्या बहुतेक कळ्या गळतात. तूर तशीही आपली बरीच फुलं गाळतेच. शिवाय या पिकावर मधमाश्या फिरतात आणि शेजारच्या वाणाचा पराग आणून टाकतात, म्हणून ज्या झाडांचं बियाणं शुद्ध ठेवायचं ती जाळीखाली झाकावी लागतात. त्यात एखाद्या सकाळी धुवारी, म्हणजे दाट धुकं, पडली की फुलांचा सडा.

आता त्याच दिवसांत घरी काय असतं ते बघ. कोजागिरी, दिवाळी, भाऊबीज, कार्तिकी एकादशी. फुलोरा काही सुटीनंतर ये म्हटल्याने थांबत नाही, आणि तो हुकला की वर्ष हुकलं, कारण शेतावर तुरीची पिढी वर्षाला एकच मिळते. संकर पहिल्या वर्षी, त्यापासूनची झाडं दुसऱ्या, मग वेगळेपणा उमटायला लागलेल्या पिढ्यांतून निवड करत करत वाण स्थिर व्हायला पाच-सहा वर्षं, मग केंद्रावरच्या चाचण्या, मग वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्या, मग चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, म्हणजे ॲग्रेस्कोमध्ये, लोकांच्या प्रश्नांना तोंड देणं. एक वाण शेतकऱ्याच्या हातात जायला दहा-बारा वर्षं सहज लागतात. तेवढ्यात पोरगी अंगणवाडीतून सातवीत जाते.

पीक बदललं की सण बदलतात, हे मात्र कोणी आधी सांगत नाही. सोयाबीन पेरल्यापासून साधारण पाच-सहा आठवड्यांत फुलावर येतं, म्हणजे सोयाबीनवाल्याची राखी आणि नागपंचमी जाते. कपाशीत तर दुपारनंतर कळीचे पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावायचा असं जोडकाम असतं, त्यामुळे हंगामात रात्रीपुरतंही कुठे मुक्कामी जाता येत नाही. पोळा, महालक्ष्म्या, नवरात्र, सगळं त्याच भरात. हरभऱ्यावाल्याची दिवाळी बरी जाते, त्याला डिसेंबर-जानेवारी नडतो. धानवाली असशील आणि चंद्रपूरकडच्या सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रावर असशील तर गणित आणखी निराळं.

आमच्या घरी यावर जो तोडगा निघाला त्याचं श्रेय माझं नाही, माझ्या सासूबाईंचं आहे. आमच्याकडे त्यांना आत्याबाई म्हणत. शाळा चार इयत्ता, पण पिकाचं आणि पंचांगाचं दोन्ही पाठ. जूनमध्ये त्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवायच्या आणि विचारायच्या, यंदा तुहा फुलोरा कधी? मी महिने सांगायचे. मग त्या सणांची दोन भागांत वाटणी करायच्या: ज्यांना मी घरात असलंच पाहिजे ते, आणि माझ्यावाचून होतील ते. महालक्ष्म्या पहिल्या भागात. भाद्रपदात तूर नुसती पानांनी वाढत असते, तेव्हा रजा काढता येते, आणि आमच्या घराण्यात ज्येष्ठा-कनिष्ठा सुनेच्या हातानेच बसतात. दिवाळी दुसऱ्या भागात गेली. फराळ त्या आणि माझी जाऊ करायच्या. भाऊबीजेला मी माहेरी जायचं सोडलं आणि भाऊच संशोधन केंद्राच्या क्वार्टरवर यायला लागले. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, पुढे त्यांनाच ते आवडायला लागलं, कारण येताना रिकाम्या हाताने आले तरी जाताना पिशवीभर तुरीच्या हिरव्या शेंगा मिळायच्या. (प्लॉटच्या नव्हेत, कडेच्या ओळींच्या. प्लॉटमधली शेंग आम्ही देवालाही वाहिली नसती.)

एका कार्तिकीला निवद राहिला म्हणून मला रडू आलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "देव काई तुह्या शेंगा मोजत नाही वो माय, त्या तूच मोज. निवद मी दाखोतो." त्यांच्या देवात आणि माझ्या देवात तेव्हापासून मला फरक वाटला नाही.

आषाढीच्या वारीचं म्हणशील तर ती नोकरीत असेपर्यंत माझ्या नशिबी नव्हती. पालख्या निघतात तेव्हा इकडे पेरणीची जमवाजमव. म्हणून आम्ही शेगावचा प्रकट दिन धरला. माघ वद्य सप्तमी, बहुधा फेब्रुवारीत. तोवर तूर निघालेली, मळलेली, वजनं झालेली. मन मोकळं. नवरा तिथे काही वर्षं सेवेकरी म्हणून जायचा, मी दर्शन घेऊन महाप्रसादाच्या रांगेत बसायचे. पीक बघून देवाच्या तारखा निवडणं हे कमी प्रतीचं आहे असं कोणी म्हटलं तर त्याला विचार, पोळा श्रावणाच्या अमावस्येलाच का ठेवला असेल? त्या सुमाराला नांगर, वखर, डवरा यांची कामं आटोपत आलेली असतात आणि बैलाला सुटी देणं परवडतं. आपले सण पीक बघूनच बसवलेले आहेत.

हे सगळं जमलं ते कशावर अवलंबून होतं, तेही सांगायला हवं. सासू खंबीर होती. नवऱ्याची शाळा जवळ होती आणि पोरं आजारी पडली की तो घरी थांबायचा, त्याला त्यात कमीपणा वाटत नसे. जाऊ भली होती. यातलं एक जरी नसतं तर मला बाई लावावी लागली असती किंवा विस्तार विभागात, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचवण्याच्या कामावर, बदली मागावी लागली असती. बदलीचं तर डोक्यात पक्कं ठेव. अकोल्याच्या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र विदर्भाचे अकराही जिल्हे. आज बुलढाणा, उद्या चंद्रपूर, असं होऊ शकतं. कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ म्हणून गेलीस तर जागा सहसा बदलत नाही, पण तिथे मेळावे, प्रशिक्षणं, पाहुण्यांच्या भेटी यांत रविवार जातात. संशोधन केंद्र हंगाम घेतं, विज्ञान केंद्र आठवडा घेतं. तुझ्या घराला काय सोसेल ते तुलाच कळणार.

आणखी एक. माझ्याबरोबरच्या पुरुष शास्त्रज्ञांपैकी कितीतरी जण देवभक्त होते, संसारी होते आणि कामात चोख होते. त्यांना हे तिन्ही कसं जमतं, असं कोणी कधी विचारलं नाही. कारण उत्तर त्यांच्या स्वयंपाकघरात उभं होतं. तुझ्या घरचे हा प्रश्न विचारतात ते काळजीपोटी, मान्य. पण येणाऱ्या स्थळालाही तोच विचारायला सांग.

आता देव आणि विज्ञान.

तुला टोमणे मारणाऱ्यांनी पैदासशास्त्राच्या पहिल्या धड्याचा नायक कोण ते विसरू नये. ग्रेगोर मेंडेल हा ब्रनोच्या मठातला ख्रिस्ती साधू. १८५६ ते १८६३ या काळात त्याने मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८ हजार झाडं वाढवली, मोजली. १८६५ मध्ये निबंध वाचला, पुढच्या वर्षी तो छापला गेला, आणि १९०० पर्यंत जगाने त्याकडे नीट पाहिलंही नाही. मला या गोष्टीतला दुसरा भाग जास्त शिकवण्यासारखा वाटतो. १८६८ मध्ये तो मठाधिपती झाला, कारभार अंगावर पडला, मठावरच्या करावरून सरकारशी वाद चालला, आणि संशोधन मागे पडलं. देवाच्या भक्तीने त्याचे प्रयोग कधी अडवले नाहीत, अडवले ते कार्यालयीन कामाने. आपल्याकडे विभागप्रमुख झालेल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि मेंडेलपर्यंत कशाला जायचं, ज्यांच्या नावाने अकोल्याचं विद्यापीठ १९६९ पासून उभं आहे त्या पंजाबराव देशमुखांकडे बघ. स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री, आणि ऑक्सफर्डला डॉक्टरेट केली ती वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर आणि वाढीवर. तेच पंजाबराव १९२०च्या दशकात अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहात उभे होते. धर्माचा अभ्यास केलेल्या माणसाला देवळाच्या दारात काय चुकतंय ते दिसलं. गाडगेबाबांचंही तेच. दिवसा खराटा, रात्री कीर्तन, आणि कीर्तनात काय, तर नवसाला बकरं मारू नका, सणासाठी कर्ज काढू नका. सावकाराच्या वहीत अडकलेल्या आपल्या वऱ्हाडात यापेक्षा उपयोगाचं कृषी-अर्थशास्त्र कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. आपल्या मातीतली श्रद्धा ही अशी, प्रश्न विचारणारी आहे. तुझे वडील माळ घालतात म्हणून तुझ्या प्रयोगशाळेला धोका आहे, असं समजणाऱ्याला ही माती ठाऊक नाही.

तरी अडतं, आणि कुठे अडतं ते मी लपवणार नाही. शेतकरी जेव्हा तुला विचारतो तेव्हा अडतं.

जूनमध्ये हमखास येणारा प्रश्न: ताई, मृगाचं वाहन यंदा कोणतं, पेरू का? इथे मी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगायचे. नक्षत्र हे सूर्याच्या जागेवरून धरलेलं असतं. सत्तावीस नक्षत्रं वर्षात बसवली की एकेक साडेतेरा दिवसांच्या आसपास येतं. म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो आणि आर्द्रा २१-२२ जूनला. पिढ्यान्‌पिढ्या पाऊस पाहून बांधलेलं ते सौर कॅलेंडर आहे, त्यात चुकीचं काही नाही, मी स्वतः बोलताना "आर्द्रात पेरलं" असंच म्हणते. पण त्या नक्षत्राचं वाहन बेडूक आहे म्हणून पाऊस चांगला आणि गाढव आहे म्हणून कमी, याला पाहणीचा आधार नाही. पेरणीचा निकष जमिनीतली ओल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन काळी जमीन चांगली भिजल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, नाहीतर दुबार पेरणी आणि दुबार बियाण्याचा खर्च. घरचं बियाणं असेल तर आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघा. सत्तरच्या खाली आली तर बियाणं त्या मानाने जास्त लागेल. हे सांगताना मी कधी कोणाच्या पंचांगाची टर उडवली नाही. टर उडवली की माणूस ऐकायचं बंद करतो आणि गोणपाटही विसरतो.

भेंडवळची घटमांडणी तुला माहीत असेल. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची हालचाल पाहून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येतं. शेतकरी मला विचारायचे, हे खरं का? मी म्हणायचे, भाकीत वहीत लिहून ठेवा, शेजारी आपल्या मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा लिहा, आणि काही वर्षं दोन्ही ताडून बघा. श्रद्धेला हात न लावता एवढं करता येतं. एका शेतकऱ्याने खरंच केलं. निष्कर्ष त्याने मला सांगितला नाही, पण पुढे सोयाबीनचा वाण निवडायला तो केंद्रावर यायला लागला.

पण एका ठिकाणी मी गप्प बसत नसे, आणि तूही बसू नकोस. २०१७ च्या हंगामात तुझ्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वेळी गावागावांत ऐकू यायचं, "त्याचं भरलं होतं." नाही. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, हवा कोंदट, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, तोंडाला फडकं नाही, अंगात ओला सदरा. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधं कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातात आणि मज्जातंतूंचं काम बिघडवतात. हे कारण आहे, आणि कारण असलं की ते टाळता येतं. ज्याला कारण ठाऊक आहे त्याने "दैव" हा शब्द ऐकून मान डोलावली तर पुढच्या मरणात त्याचा वाटा आहे. देव मानणाऱ्या शास्त्रज्ञावर ही जबाबदारी उलट जास्त येते, कारण लोक त्याचं ऐकतात.

इथेच तुझ्या उपासाचंही सांगून टाकते. एकादशी कर, गुरुवार कर, कोणाच्या बापाचं काय जातं. पण उपाशीपोटी फवारणी करायची नाही, फवारलेल्या प्लॉटमध्ये लगेच शिरायचं नाही, आणि ऑक्टोबर हीटमध्ये निर्जळ उपास करून शेतात उभं राहायचं नाही. नवरात्रात कितीतरी जण नऊ दिवस उपास धरतात आणि त्याच दिवसांत कपाशीवर फवारणी चालू असते. केंद्रावरच्या मजुरांसाठी आमचा नियम होता: ज्याचा उपास त्याला त्या दिवशी पंप नाही, दुसरं काम. मजुरी तीच. देवीचा कोप झाल्याचं कोणी सांगितलं नाही.

आता थोडं आवरून सांगते, म्हणजे पुढचं लक्षात राहील. हंगाम आणि सण यांची टक्कर आधी कॅलेंडरवर होऊ दे, मग ती घरात होत नाही. मोजता येणारं ते मोजायचं, तिथे देवाला मध्ये आणायचं नाही. आणि जिथे माणसाचा जीव आहे तिथे नम्रपणाच्या नावाखाली गप्प राहायचं नाही.

एक राहिलं, ते नोंदवहीचं. तू विचारलं नाहीस, पण माझ्या दृष्टीने श्रद्धेचा संशोधनाशी खरा संबंध आला तर तो इथे. दहा-बारा वर्षं वाढवलेल्या वाणावर जीव जडतो. त्याने चेकपेक्षा, म्हणजे तुलनेला ठेवलेल्या प्रचलित वाणापेक्षा, जास्त उत्पादन द्यावं असं वाटतं. म्हणून तर चाचणीत प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटतात आणि तोच वाण तीन-चार वेळा वेगवेगळ्या जागी लावतात, म्हणजे चांगली जमीन आपल्या लाडक्याच्या वाट्याला मुद्दाम येऊ नये. पण आकडेमोडीची ही सगळी कुंपणं काढणीपर्यंतच. जानेवारीच्या दुपारी, शेतात काटा लावलेला, मजूर जेवायला गेलेले, तुझ्या वाणाचा एक प्लॉट वजनाने थोडका आलेला. पेन तुझ्या हातात. दोन-तीनशे ग्रॅम वाढवले तर जगात कोणाला कळणार नाही, आणि चेकपेक्षा सरस ठरायला जेवढा फरक लागतो त्या मर्यादेपलीकडे वाण जाईल. एका वरिष्ठांनी मला "थोडं गोल कर" असं सुचवलंही होतं. तेव्हा मी जे लिहिलं ते काट्यावर दिसलं तेच लिहिलं, आणि त्या क्षणी मला सांख्यिकी आठवली नव्हती. माझे नास्तिक सहकारीही तितकेच प्रामाणिक होते, काही तर माझ्याहून. त्यांना ते बळ कुठून मिळायचं ते त्यांना ठाऊक. मला घरातून मिळालं, आणि आत्याबाईंच्या देवघरातून. तो वाण पुढे गेला नाही. त्याच्यातली एक चांगली ओळ, म्हणजे निवडलेल्या एका झाडाची संतती, पुढच्या संकरात वापरली.

मोठा शास्त्रज्ञ व्हायला मोठी संस्था लागतेच असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. दीडेक एकर शेतीतला धानाचा शेतकरी. १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या बांधीत त्यांना दोन-तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वर्षामागून वर्षं निवडत गेले आणि त्यातून एचएमटी आला, जो आज कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. नाव ठेवलं त्या वेळच्या एचएमटी घड्याळावरून. निरीक्षण, धीर, आणि वेगळं दिसलेलं झाड न उपटण्याचं भान, एवढ्या भांडवलावर. तुझ्याकडे याच्या जोडीला शिक्षण असेल.

शेवटी कामाचं. भरती हळू चालते, कधी कधी वर्षानुवर्षं जागा निघत नाहीत, म्हणून नेट ही पात्रता परीक्षा आत्ताच काढून ठेव आणि लग्न भरतीवर अडवून ठेवू नकोस, भरती लग्नावरही नको. स्थळ पाहायला येईल तेव्हा पगार सांगण्याआधी पिकाचे महिने सांग. ज्या घरात ते ऐकून "मग दिवाळीत कसं?" असं विचारतील तिथे बोलणं पुढे जाऊ शकतं, निदान त्यांनी ऐकलं तरी. जिथे "लग्नानंतर बघू" म्हणतील तिथे सावध राहा. पीएच.डी.चा विषय घेताना गाइडचं नाव बघतात, ते बघच, पण पीकही बघ: तुझ्या घरातला न हलवता येणारा सण कोणता आणि त्या पिकाचा फुलोरा कधी, हे दोन्ही एका कागदावर लिहून आईपुढे ठेव. वडील वारीला निघायच्या आत हे बोलणं उरकून घे, नंतर महिनाभर सापडायचे नाहीत. आणि तूरच घेतलीस तर संकराच्या चिठ्ठ्या बॉलपेनने लिहू नकोस. नोव्हेंबरच्या दवात शाई फुटते, शिसपेन्सिलीने लिही.